फॉर्म नंबर दोनशे सतरा

“मन शांत व्हायला किती दिवस लागतात, भंतेजी?”

“तुझ्याकडे किती आहेत?”

“नऊ. दहाव्या दिवशी मला समितीपुढे निष्कर्ष मांडायचे आहेत.”

विद्यापीठामागच्या टेकडीवर एक लहानसा विहार आहे. भंते उपसेन तिथे पायरीवर बसून भिक्षापात्र पुसत होते. दुपारचं ऊन होतं. समोर वृषाली दांडगे उभी होती. बस म्हटलं तरी ती बसली नव्हती.

ती मानसशास्त्रात पीएच.डी. करत होती. विद्यार्थ्यांवर ताण किती असतो आणि ते त्याला कसं तोंड देतात, हा तिचा विषय. चारशे बारा मुलामुलींकडून तिनं प्रश्नावली भरून घेतली होती.

“ताण म्हणजे काय, ते मला सांगू नका,” ती म्हणाली. “ते मला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. मला फक्त झोप हवी आहे. पोरं तुमच्याकडे ध्यान शिकायला येतात. मलाही शिकवा.”

“किती दिवस झोप नाही?”

“एकवीस.”

“एकवीस दिवसांपूर्वी काय झालं?”

वृषाली टेकडीखाली बघत राहिली.

“आमच्या वसतिगृहातली एक मुलगी... दोनशे सतरा.”

“हा खोलीचा नंबर?”

“फॉर्मचा. फॉर्मवर नाव विचारायचं नसतं. गुप्तता पाळावी लागते.”

“तिला नाव नव्हतं?”





“प्रणिता,” ती म्हणाली. “प्रणिता मस्के. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. माझ्यापासून दोन खोल्या सोडून राहायची. तिनं जीव दिला.”

आणि मग ती पायरीवर बसली.

सांगताना तिचा आवाज आधी वर्गात शिकवल्यासारखा होता. वसतिगृहाच्या मेसच्या दाराशी तिनं एक खोकं ठेवलं होतं. मुली फॉर्म भरून त्यात टाकायच्या. संध्याकाळी ती खोलीत बसून एकेक फॉर्म संगणकात चढवायची. दोनशे सतराव्या फॉर्मवर प्रत्येक ओळीपुढे एकाच रकान्यात खूण होती. झोप लागत नाही... नेहमी. जेवण जात नाही... नेहमी. आपण कुणाला नकोसे आहोत असं वाटतं... नेहमी. शेवटचा प्रश्न होता, फार त्रास होतो तेव्हा तुम्ही कुणाशी बोलता? त्यापुढे लिहिलं होतं, ‘कुणाशी बोलू?’

फॉर्मवर नाव नव्हतं. पण मेसच्या फळ्यावर रोजची भाजी प्रणिताच लिहायची. ते अक्षर वृषालीनं ओळखलं.

“मग?” भंतेंनी विचारलं.

“मग मी खुणा मोजल्या, आकडा भरला... आणि पुढचा फॉर्म घेतला.”

आता तिचा आवाज वर्गातला राहिला नव्हता.

“वाटलं, मध्येच जाऊन बोलले तर नियम मोडेल. निष्कर्ष बिघडतील. सगळे फॉर्म झाले की सगळ्यांसाठी एक शिबिर घेऊ, असं ठरवलं होतं मी. तारीखसुद्धा काढली होती. तो फॉर्म वाचल्यापासून बाराव्या दिवशी ती गेली.”

“तिच्या घरचे आले असतील.”

“आई आली होती. मला विचारलं, तुला काही बोलली होती का गं? मी नाही म्हणाले. खोटं नव्हतं ते, भंतेजी. बोलली नव्हती ती.” तिनं ओढणीनं तोंड पुसलं. “माझे मार्गदर्शक सर म्हणतात, तो फॉर्म काढू नकोस. त्यानं प्रबंध भक्कम होतो.”

भंते पुन्हा पात्र पुसू लागले.

“शिकवा ना. श्वासाकडे बघायचं असतं ना? कुठून सुरुवात करू?”

भंतेंनी पात्र खाली ठेवलं. ठेवताना ते दगडावर आपटलं.

“तिलाही मी तेच शिकवलं होतं.”

वृषालीनं मान वर केली.

“दोन-अडीच महिने झाले असतील. म्हणाली, छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटतं. मी म्हटलं, श्वास येतो, जातो, तू नुसतं बघ. पंधरा मिनिटं डोळे मिटून बसली. पाया पडली आणि गेली. मला वाटलं, हिला बरं वाटलं.”

“तुम्ही तिला काहीच विचारलं नाही?”

“नाव विचारलं.”

“आणि?”

“तेवढंच.”

खाली कुठल्याशा विभागाची घंटा झाली. मुलांचा घोळका एका इमारतीतून निघून दुसरीत शिरला.

“मग मी आता कुणाकडे जाऊ?” वृषालीनं विचारलं. “निदान विसरायला तरी शिकवा.”

“सगळीकडे ‘नेहमी’पुढे खूण असलेले असे किती फॉर्म आहेत तुझ्याकडे?”

तिला आठवावं लागलं नाही. “अकरा. प्रणिता धरून.”

“बाकीचे दहा जण कुठं आहेत?”

“कळणार नाही, भंतेजी. नावंच नाहीत. त्यातले सहा फॉर्म मेसच्या खोक्यातले, म्हणजे सहाजणी आमच्या वसतिगृहातल्या आहेत, एवढं माहीत आहे.”

“खोल्या किती?”

“शहाण्णव.”

भंते उठले. चीवर खांद्यावर नीट घेतलं, पायांत चपला सरकवल्या आणि टेकडी उतरू लागले. गुडघे धरत, सावकाश. वृषाली काही न विचारता मागून निघाली.

वसतिगृहाच्या फाटकाशी पहाऱ्याच्या बाईंनी हात जोडले, पण वाट सोडली नाही. पुरुषमाणसाला आत परवानगी नाही, त्या म्हणाल्या. भंतेंनी मान डोलावली आणि तिथेच, भिंतीच्या बोटभर सावलीत, जमिनीवर मांडी घातली.

वृषाली एकेक दार ठोठवायला आत गेली. जिन्यापर्यंत जाऊन परत आली.

“अशा वेळी काय बोलायचं, यावर मी अख्खं एक प्रकरण लिहिलंय. आत्ता त्यातलं एक वाक्य आठवत नाही.”

“बरं झालं.”

“आणि कुणी दार उघडलंच नाही तर?”

“तर त्या दाराबाहेर बस,” भंते म्हणाले. “मी या दाराबाहेर बसलोय.”