वैऱ्याघरचा विस्तव

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर एका खाडीच्या दोन काठांना आर्डव्हेन आणि कामसमोर ही गावं समोरासमोर आहेत. मधली खाडी ओहोटीला कोरडी पडते, वाळूतून चालत पलीकडे जाता येतं. वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी, ऐन डिसेंबरच्या कडाक्यात, इथल्या एकाही धुराड्यातून दुपारपर्यंत धूर निघत नाही. पाहुण्यांना याचं नवल वाटतं. मग होडीवाला म्हातारा कॅलम त्यांना काठावर उभं करून मोरागची हकिगत सांगतो.

फार पूर्वी म्हणे या दिवशी दोन्ही गावं आपापल्या चुली विझवत. ओकच्या ओंडक्यावर हिवाळ्याच्या म्हातारीचा चेहरा कोरत आणि टेकडीवर जाळ करून तो त्यात टाकत. म्हातारी जळाली की सूर्य माघारी वळतो, अशी श्रद्धा. त्याच जाळातला विस्तव मग घरोघरी जाई.

एका वर्षी मात्र भर दुपारी समुद्रावरून वादळ आलं आणि आर्डव्हेनचा जाळ विझला. चकमकीचा कापूसही भिजून चिंब झाला. अर्धवट जळालेली म्हातारी टेकडीवर तशीच पडून राहिली. गावात एक ठिणगी उरली नाही.

मोरागच्या घरात नुकती जन्मलेली मुलगी होती. तिचे ओठ निळे पडू लागले होते. समोर कामसमोरला डोंगराचा आडोसा. तिथला जाळ टिकला होता, धूर दिसत होता. पण दोन्ही गावांचं हाडवैर. मासेमारीच्या जागेवरून झालेल्या भांडणात मोरागच्या नवऱ्याने तिथल्या फिनलेला ठार मारलं होतं, आणि पुढे तो स्वतःही समुद्रात बुडाला होता. आर्डव्हेनचा कुणी पुरुष पलीकडे गेला असता, तर जिवंत परतला नसता. मोरागने मुलीला शेजारणीच्या कुशीत दिलं, मडकं उचललं आणि ती खाडीत उतरली.

पलीकडचं पहिलंच घर एफीचं होतं. एफी म्हणजे फिनलेची आई. भरती लागत आली होती, पुढच्या घरापर्यंत जायला वेळ नव्हता. मोरागने दार ठोठावलं.

एफीने तिला पाहताक्षणी ओळखलं. "काय पाहिजे?"

"विस्तव."

"कुणाच्या दारात उभी आहेस, कळतंय का तुला?"

"कळतंय. पोरगी गारठलीय माझी. मला मारायचं तर मारा, पण विस्तव तेवढा पलीकडे पोचू द्या."

एफी आत गेली. आत लोखंड खणखणलं. कोयता काढला असणार, असं वाटून मोरागने डोळे मिटून घेतले. पण ती जागची हलली नाही. पावलं जवळ आली. चेहऱ्याला धग लागली तशी तिने डोळे उघडले. एफीच्या हातात चिमटा होता आणि चिमट्यात लालभडक निखारा.

"एकटीने नेलास तर वाऱ्याने विझेल," एफी म्हणाली. तिने निखारा मडक्यात टाकला, आपली शाल मडक्याभोवती धरली आणि आडोसा करत ती वाऱ्याच्या बाजूने मोरागसोबत चालू लागली.

मध्यावर पाणी गुडघ्याला लागलं, मग कमरेला. मोरागने मडकं डोक्यावर घेतलं, एफीने तिचा दंड घट्ट धरला. दोघी कशाबशा काठाला लागल्या. चूल पेटली. बऱ्याच वेळाने मुलगी रडली, तेव्हा कुठे मोराग खाली बसली.

मागे खाडी भरून गेली होती. ती सबंध लांबलचक रात्र एफीला मुलाच्या मारेकऱ्याच्या चुलीपाशी काढावी लागली. दोघी काय बोलल्या, कुणाला ठाऊक नाही. काही जण सांगतात, बोलल्याच नाहीत. ओहोटी लागताच एफी निघून गेली. "माफ केलं" असं तिने मरेपर्यंत कधी म्हटलं नाही.

पुढच्या वर्षी वादळ आलं नाही. कामसमोरचा जाळ चांगला धडधडत होता. एफीने त्यातला विस्तव घेतला नाही. रिकामं मडकं घेऊन ती खाडी ओलांडून आली आणि मोरागच्या दारात उभी राहिली.

आजही त्या दिवशी ज्याच्याशी बोलणं तुटलंय त्याच्याच हातून, त्याच्या गावच्या जाळातला विस्तव आणायचा, अशी इथली रीत आहे. मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही. दुपारी ओहोटी लागली की वाळूवर माणसं दिसतात, हातात मडकं, मान खाली, एकेकटी चाललेली. परतताना मात्र प्रत्येकाच्या सोबत, वाऱ्याच्या बाजूने, आणखी कुणीतरी चालत असतं.