रोदाचे तीन बोल

आमच्या मिशन कंपाउंडात अजून नळ आले नव्हते आणि चर्चमागे गुलबक्षीची रंगीबेरंगी बाग होती, तेव्हाची ही गोष्ट. शेवटच्या कौलारू खोलीत आठ वर्षांची रोदा आणि तिची आई दुर्कस राहत. रोदाचे बाबा देवाघरी गेले होते. आई लोकांचे कपडे शिवायची, पण महिनाभर ती तापाने अंथरुणाला खिळली होती. इवलीशी रोदा विहिरीवरून पाणी आणायची, पेज शिजवायची. आई मात्र चमच्याला तोंड लावत नसे.

शेजारच्या हन्नामावशी रोज दुपारी समाचाराला येत. उशाशी बसून म्हणत, "काय गं दुर्कस, हाडं तेवढी उरली. आमची मार्था अशीच पडून होती. गेली बिचारी."

मावशी वाईट नव्हत्या. समाचाराला गेलं की असंच बोलायचं, असं तेव्हा सगळ्यांनाच वाटे. पण त्या गेल्या की आई भिंतीकडे तोंड करून घेई.

एका संध्याकाळी रोदा उरलेलं पाणी गुलबक्षीला घालत होती. एका गुलाबी फुलातून बारीक आवाज आला, "अगं हळू, भिजवलंस मला."

फुलात बोटाएवढी परी बसली होती. तिचे पंख चतुराच्या पंखांसारखे निळे-हिरवे, चमचमणारे. रोदाने परकराच्या टोकाने ते अलगद टिपले.

"गुणाची गं तू. काय हवं तुला?"

"आई बरी व्हायला हवी."

"बरं करणारा प्रभू. मी त्याची छोटीशी निरोपी. पण तुला तीन बोल देते. कुणाच्याही तब्येतीबद्दल जे मोठ्याने बोलशील ते होईल. चांगलं बोललीस तर चांगलं, वाईट बोललीस तर वाईट. एका बोलात एकच गोष्ट, भूक म्हण नाहीतर ताप. आणि आईचं औषध चुकवू नकोस हं."

परीने रोदाच्या जिभेवर तीन सोनेरी थेंब ठेवले.

सकाळी रोदा म्हणाली, "आई, प्रभू येशूच्या नावाने तुला भूक लागेल." आईने वाटीभर पेज संपवली.

दुपारी मावशी आल्या. "पेज प्यायली? जाणारं माणूस शेवटी असंच खातं, बाई."

रोदाला रडू फुटलं. विहिरीवर भांडणात ऐकलेलं तिच्या तोंडून निघून गेलं, "मावशे, वाचा बसो तुझी."

मावशींचं तोंड उघडं राहिलं. आवाज मात्र येईना.

रोदा बागेत धावली. "परी, चुकलं माझं. आता गं?"

"एक बोल उरलाय. कुणाला द्यायचा, ते तू ठरव."

रोदा परत आली. आत आई तापाने फणफणत होती. पायरीवर मावशी गळा धरून रडत होत्या. रविवारी चर्चमध्ये गाण्याचा पहिला सूर त्यांचाच असायचा. रोदा कितीतरी वेळ दारात उभी राहिली. मग तिने मावशींच्या गळ्यावर हात ठेवला.

"प्रभू येशूच्या नावाने मावशींचा आवाज परत येवो."

रोदाची जीभ कोरडी झाली. आईसाठी आता काहीच उरलं नव्हतं. रोदा गुडघ्यांत तोंड घालून बसली.

मावशी खाकरल्या. डोळे पुसून उठल्या आणि आत जाऊन त्यांनी दुर्कसचा हात धरला.

"माझंच चुकलं गं. इथे बसून काय काय बोलले मी. दुर्कस, प्रभू तुला बरं करतोय. या रविवारी माझ्या शेजारी बसून गाणार आहेस तू."

आईच्या कपाळावर घाम डवरला. ताप उतरू लागला. तिने हळूच डोळे उघडले.

"मग सूर जरा खाली धरा, अक्का. तुमचा फार वर जातो."

मावशी आधी रडल्या, मग हसल्या. रोदाने आईच्या कुशीत तोंड लपवलं.

खिडकीत परी उभी होती. "दुसऱ्याला दिलेला बोल संपत नाही, रोदा. तो त्याच्या तोंडून पुढे चालतो."

तिचे पंख उघडले, सोनेरी उजेड खोलीभर पसरला आणि कौलांच्या फटीतून आभाळात निघून गेला. खाली दोघी बायका अजून हसत होत्या.