लाल दिव्याच्या अलीकडे

एकदा एका तालुक्याच्या गावी ध्वनियंत्रे दुरुस्त करणारे एक वृद्ध कारागीर राहत होते. पंचक्रोशीतले सारे डीजेवाले त्यांना उस्ताद म्हणत. त्यांच्या हाताखाली सात वर्षे शिकून बिरदेव नावाच्या तरुणाने स्वतःचा संच उभा केला होता.

संच जोडताना त्याने फार सावधगिरी बाळगली. पाचशे वॅटच्या स्पीकरला त्याने मुद्दाम अडीचशे वॅटचा अॅम्प्लिफायर लावला. ताकद कमी दिली की स्पीकर जळण्याची भीती नाही, असे त्याने मनाशी धरले होते. पण पहिल्याच लग्नात स्पीकरमधली बारीक आवाज काढणारी कॉईल, म्हणजे नाजूक तारेची गुंडाळी, जळाली. नवी बसवली, तीही दुसऱ्या लग्नात गेली. वरातीतल्या पोरांनी त्याचे नाव 'खोकला डीजे' ठेवले. आता मंगल कार्यालयाचे मालक मालगोंडा अण्णा यांनी निक्षून सांगितले होते, की उद्याच्या हळदीत पुन्हा आवाज बसला तर त्याने कार्यालयाची पायरी चढू नये. गावात कार्यालय एकच होते.

पुन्हा नवी कॉईल बसवून बिरदेव संच घेऊन उस्तादांकडे गेला. स्पीकर आणि यंत्राचे ओहम, म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचे आकडे, जुळवले होते, तारा जाड घेतल्या होत्या, सारे त्याने चाचरत सांगितले. उस्तादांनी ऐकून घेतले आणि फळीवरचा एक अॅम्प्लिफायर उतरवून त्याच्यापुढे ठेवला. बिरदेवने मागचा आकडा दोनदा वाचला. आठशे वॅट.

"उस्ताद, अडीचशेनं दोनदा जाळला. हा तर राख करील."

"जोड," उस्ताद एवढेच म्हणाले.

त्याने भीत भीत जोडला. बटण अर्ध्यावरही गेले नाही, तोच अंगण आवाजाने भरून गेले. कुठे खरखर नाही, कुठे फाटणे नाही. मग उस्तादांनी जुना अॅम्प्लिफायर लावून आवाज तितकाच चढवायला सांगितले. बटण शेवटाला टेकले, यंत्रावरचा लाल दिवा पेटून राहिला आणि गाणे चिरकू लागले. उस्तादांनी चटकन ते बंद केले.

त्यांनी धुळीत बोटाने एक लाट काढली आणि तळहाताने तिचा माथा पुसून टाकला. "आवाजाची लाट अशी चढते, अशी उतरते. यंत्राची ताकद संपली की तिचा माथा कापला जातो. लाल दिवा तेच सांगत असतो. कापलेली लाट जास्तीची आग होऊन त्या नाजूक कॉईलवर उतरते. बेटा, दोन्ही वेळा ताकद संपली होती आणि तू हट्ट करत राहिलास. स्पीकर त्या हट्टानं जळला. ज्याच्याजवळ सामर्थ्य शिल्लक असतं, त्याला ओरडावं लागत नाही. हा घेऊन जा, आता तुझाच. पण पूर्ण फिरवलास तर हाही जाळील. आवरणं आता तुझ्या हातात."

दुसऱ्या दिवशी दुपारी हळदीला गर्दी उसळली. नवरदेवाच्या मित्रांना आवाज पुरेना. त्यांतला एक धटिंगण थेट यंत्राशी आला आणि त्याने बटणाकडे हात नेला. बिरदेवने बटणावर आपला तळहात ठेवला. त्याचे कान तापले होते, पण हात हलला नाही.

"दादा, याच्या पुढं आवाज नाही, नुसती फाटाफाट आहे. एकदा समोर उभं राहून ऐका तरी."

तो पुटपुटत समोर जाऊन उभा राहिला. ढोलाचा ठोका छातीवर बसला तसा त्याचा पाय उचलला, आणि मग तो काही थांबेना. शेवटच्या गाण्यापर्यंत लाल दिवा एकदाही लागला नाही.

उस्ताद मागच्या खुर्चीवर बसले होते. मालगोंडा अण्णा त्यांच्यापाशी येऊन म्हणाले, "तुम्ही जातीनं आलात म्हणून निभावलं."

"मी जेवायला आलोय अण्णा," उस्ताद म्हणाले. "संच माझ्या शिष्याचा आहे. आज त्याला माझं बोटसुद्धा लागलेलं नाही."

गाणे चालूच होते. तरीही ते शब्द बिरदेवला स्वच्छ ऐकू आले.