उंबऱ्यावरची धूळ

एका राज्यात, त्याचं नाव विचारू नका, घेतलं की वाट चुकते म्हणतात, अरिंजय नावाचा राजपुत्र होता. रूप देखणं, तलवार तेज, पण पायाला भिंगरी! आज घाटमाथ्यावर, उद्या समुद्रापार. पत्नी शालवती वाट पाहून शिणली, पण याला त्याचं काय?

त्या राज्याची एक रीत होती. घरचं माणूस प्रवासाला निघालं की दुसऱ्या दिवशीच्या दिवेलागणीपर्यंत केर काढायचा नाही. काढला, तर त्याचा परतीचा माग पुसला जातो.

शालवतीला मुलगी झाली आणि ऐन बारशाच्या दिवशी अरिंजयाने घोड्यावर खोगीर चढवलं. बापाने कानात सांगितल्याशिवाय तिथे मुलाचं नाव ठेवीत नसत.

"नाव तरी सांगून जा," ती म्हणाली.

"परत आल्यावर सांगेन."

झालं! संतापाने तिचं भान सुटलं. तिने केरसुणी उचलली आणि उंबऱ्यावरची त्याची पायधूळ बाहेर लोटली. त्या संध्याकाळी देवडीतला दिवा पेटेना. मग कधीच पेटला नाही.

इकडे अरिंजय भटकून कंटाळला, मागे फिरला. वेस तीच दिसे; आत पाऊल टाकलं की नगर परकं. वर्षांमागून वर्षं हेच. शेवटी तो एका वडाखाली बसून ढसाढसा रडला. वडावरची साळुंकी म्हणाली, "राजपुत्रा, तुझी पायधूळ वाऱ्याने तीन ठिकाणी नेली. ती उंबऱ्यावर टाकशील तर घर सापडेल."

पहिली चिमूट शापित धनावरच्या नागापाशी होती. "धन नको, धूळ दे," अरिंजय म्हणाला. नागाने त्याचा उजवा डोळा मागितला. दिला.

दुसरी चिमूट मांत्रिकाच्या जात्याखाली होती. मांत्रिकाने तारुण्य मागितलं आणि त्याच्यादेखत दळून टाकलं. अरिंजय म्हातारा होऊन उठला.

तिसरी चेटकिणीच्या मुठीत. "तुझ्या पायांतलं बळ दे," ती म्हणाली.

"मग मी घरी जाऊ कसा?"

"सरपटत."

तो सरपटत निघाला. कोपरं सोलली, गुडघ्यांची सालटी निघाली, पण या वेळी वेशीआतलं नगर त्याचंच होतं. महालाच्या दारात एक तरणी मुलगी उभी होती. आत गुडघाभर धूळ साचली होती.

"तुझं नाव काय, मुली?"

"ठेवायचं राहिलंय," ती म्हणाली. "आपण कोण?"

त्याने तिन्ही चिमटी उंबऱ्यावर सोडल्या. देवडीतला दिवा आपोआप पेटला. मुलगी काय ते समजली आणि त्याच्याजवळ बसली.

"तुझी आई कुठे?"

"गेली, बाबा. गेल्या पावसाळ्यात. त्या दिवसानंतर तिने केरसुणीला हात लावला नाही, कुणाला लावू दिला नाही. जाताना म्हणाली, केर काढू नकोस, तुझे बाबा वाटेत आहेत."

अरिंजय उंबऱ्याला मिठी मारून रडला. मग त्याने मुलीच्या कानात नाव सांगितलं, शालवती. नगरात नगारे झडले, गादीला वारस मिळाला, शाप फिटला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच धाकट्या शालवतीने पदर खोचला, केरसुणी घेतली. म्हाताऱ्याने तिचा हात धरला.

"आज नको गं," तो म्हणाला. "तुझी आई माझ्यासाठी कालच गेली."