दोराला गाठ कुठं मारतात

खाणीच्या कड्यावरून दादाला ज्या दोरानं खाली सोडलं, तो तुटला आणि दादा गेला. तो दोर आधी कुणी तपासला होता? मी सगळ्यांना विचारलं.

तिसऱ्या दिवशी मॅनेजर टिपणीसांनी आपला इंग्रजी अहवाल सरकारी तपासनीस बाईंपुढे ठेवला आणि आम्हाला मराठीत समजावला. जोराचे शब्द मात्र इंग्रजीच ठेवले. दोर ‘अ‍ॅब्सोल्यूटली’ मजबूत होता, ‘डेफिनेटली’ तपासला होता, चूक ‘एन्टायरली’ यल्लप्पाची, म्हणजे माझ्या दादाची. बाईंची सही झाली की दोष कायमचा त्याच्या नावावर. वहिनीनं मान खाली घातली.

मी विचारलं, “साहेब, ते तीन शब्द कशाला?”

“जोर यावा म्हणून. चौथी नापास तू, तुला इंग्रजी लिखाण काय कळणार?”

“लिखाण नाही कळत, दोर कळतो. धड दोराला आम्ही गाठ मारत नाही, साहेब. जिथं विरलाय तिथंच मारतो. तुम्ही या अहवालात तीन ठिकाणी मारलीत.”

बाईंनी पेन बंद केलं. “तो दोर आणा.”

“दोर हरवलाय,” टिपणीस म्हणाले.

शेवटची अंघोळ घालताना दादाच्या कमरेला राहिलेला दोराचा तुकडा मीच सोडला होता. विरल्या जागी दोन गाठी मारलेला तो तुकडा मी पिशवीतून काढला आणि अहवालावर ठेवला.