काळा रथ आणि चिखलाचा हात

फार फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राजाचं नाव आता कुणाला ठाऊक नाही. त्याच्या रथाचा रंग मात्र लोकांच्या लक्षात राहिला. काळा, लाखेचा.

त्या राज्यात एक रीत होती. दरवर्षी भात पोटरीत आलं, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात आल्या, की राजा त्या रथात बसून गावोगाव फिरायचा. मागून शिपायांची पलटण चालायची. रथाला चहूबाजूंनी पडदे असत, कारण गाऱ्हाणं ऐकण्याआधी राजाने माणसाचे कपडे पाहू नयेत, असं पूर्वजांनी ठरवून ठेवलं होतं. ज्याला काही सांगायचं असेल, त्याने रथाच्या दारावर तळहाताने थाप मारायची. ओरडायचं नाही की पाया पडायचं नाही. थाप पडली की रथ थांबलाच पाहिजे, मग ती सावकाराची असो की गुराख्याची.

आता पिढ्यान्‌पिढ्या थापा खाल्लेल्या रथाचं काय होणार? ऊन, धूळ आणि घामट हात. लाख विटून राखाडी पडली होती आणि दारावर पंजाएवढा तपकिरी डाग होता.

सारथ्याला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. पण एकदा जत्रेत शेजारच्या राज्याचा सारथी त्याला म्हणाला, "काय हो, रथ हाकता की चुलीवरची कढई?" भोवतीचे लोक हसले. आपला सारथीही हसला, पण ते बोलणं त्याला जेवतानासुद्धा आठवत राहिलं.

मग काय, पावसाळाभर गडी रथशाळेतून हलला नाही. रिठ्याच्या पाण्याने त्याने रथ धुतला. कोळशाची पूड वस्त्रगाळ करून जवसाच्या तेलात कालवली आणि जुन्या धोतराची मऊ चिंधी घेऊन घासायला बसला. काळ्या रंगाचं दुखणं वेगळं असतं बरं का. पांढऱ्यावर ओरखडा लपतो, काळ्यावर तो मिरवतो. जोर केला तर लाख जाऊन लाकूड दिसतं, आणि हात फारच हलका ठेवला तर राखाडीपणा जात नाही. बायको म्हणायची, "जेवायला तरी या, रथ काही पळून जात नाही." हा मान हलवायचा आणि घासत राहायचा. शेवटी त्याने मेण लावलं, चिंधी बाजूला ठेवली आणि नुसत्या तळहाताने चोळलं. तळहाताइतकं मऊ कापड अजून कुणी विणलेलं नाही.

एका सकाळी रथाच्या दारात त्याला स्वतःचा चेहरा दिसला, मिशीतल्या पांढऱ्या केसासकट. डाग कुठे होता, ते आता त्यालाही सांगता आलं नसतं. राजाने रथाभोवती एक फेरी मारली आणि तो म्हणाला, "आजोबांच्या वेळी असाच होता म्हणे." सारथी त्या एका वाक्याने धन्य झाला. मेहनत खरी होती आणि हात गुणी होता. त्या मेहनतीला नावं ठेवायला मी ही गोष्ट सांगत नाही.

फेरी निघाली. पहिल्याच गावात एका म्हाताऱ्याने हात उगारला, तसा सारथी चटकन मागे वळला. "आजोबा, जरा बेताने," तो हळूच म्हणाला. म्हाताऱ्याने बिचकून नुसती बोटं टेकवली. बोटांचा आवाज आत गेलाच नाही, रथ पुढे सरकला. बघणाऱ्यांनी काय ते ओळखलं, आणि बातमी रथाच्या पुढे धावली. पुढच्या गावांत लोक लांबूनच रथाचं कौतुक करू लागले.

"काय रे, यंदा कुणालाच काही सांगायचं नाही?" राजाने पडद्याआडून विचारलं.

"लोक सुखी आहेत, महाराज," सारथी म्हणाला. आणि त्याला ते खरंही वाटलं.

मग त्याच्या बहिणीचं गाव आलं. परतीचा पाऊस कोसळत होता. तळ्याकडून चिमा, त्याची धाकटी बहीण, धावत आली. कोपरापर्यंत चिखलाने माखलेली. तिने थाप मारायला हात उचलला, तसा सारथ्याने लगाम ओढून रथ बाजूला घेतला.

"अगं चिमे, हे काय हात! आधी धुऊन ये," तो दबक्या आवाजात म्हणाला. "मी थांबतो इथंच."

चिमाने दाराकडे पाहिलं. त्यात तिला आपलं चिखलाने बरबटलेलं तोंड दिसलं आणि तिला लाज वाटली. ती विहिरीकडे पळाली. तिच्यामागून तसेच चिखलाचे चारसहाजण येत होते. सारथ्याने त्यांना पाहिलं. बहिणीचं गाऱ्हाणं असून असून काय असणार, सासूचंच काहीतरी असेल. दिवाळीला येईल तेव्हा निवांत ऐकू, असं मनाशी म्हणून त्याने घोडे पिटाळले.

"थांबला होतास का रे?" आतून आवाज आला.

"घोडं अडखळलं, महाराज."

त्या संध्याकाळी तळ्याचा बांध फुटला. लोक टेकडीवर चढले म्हणून जीव वाचले. उभं भात आणि निम्मं गाव वाहून गेलं, चिमाचं घरही गेलं. सकाळपासून बायाबापडे बांधाच्या भगदाडात चिखल भरत होते. रथामागच्या शिपायांचे हात मिळाले असते, तर बांध तगला असता.

बातमी कळताच रथ मागे फिरला, आणि सारथी राजाच्या आधी धापा टाकत टेकडीवर पोचला. चिमा पोरांना पदराखाली घेऊन बसली होती. ती त्याच्यावर रागावली नाही. तिने फक्त दोन्ही तळवे पुढे केले.

"दादा, हात धुतले बघ."

राजाने सगळ्यांना विचारलं, "माझा रथ याच गावातून गेला. एकानेही थाप कशी मारली नाही?" सारथी मान खाली घालून उभा राहिला. चिमाही बोलली नाही. भाऊ होता ना तो.

वर्ष सरलं. सारथ्याने रथ पुन्हा तसाच चोळला, पण दारात चेहरा दिसला की तो नजर वळवायचा. फेरी चिमाच्या गावी आली. फुटका बांध लोकांनी कसाबसा मातीने बुजवला होता. लोक रस्त्याच्या कडेला उभे होते. सगळ्यांनी हात स्वच्छ धुतले होते आणि तरीही पाठीमागे धरले होते.

सारथ्याच्याने ते बघवेना. तो खाली उतरला, रस्त्याकडेचा ओंजळभर चिखल त्याने हाताला फासला आणि चकचकीत दारावर थाप मारली.

"कोण आहे?" राजाने विचारलं.

"मी, महाराज. तुमचा सारथी."

"गाऱ्हाणं कुणाविरुद्ध?"

"माझ्याच." आणि त्याने घोडं अडखळल्यापासून सगळं सांगितलं.

 पडदा सारून राजा बाहेर आला आणि दारावरचा चिखलाचा पंजा बघत राहिला. "रथ तूच हाकायचा," तो म्हणाला. "चमकवायचाही असाच. पण यापुढे फेरीला निघताना दारावर पहिला चिखलाचा हात तुझा पडेल, आणि तो तू पुसायचा नाहीस."

तेवढ्यात दुसरी थाप पडली. चिमाने भावाच्या पंजाशेजारी आपला पंजा उमटवला होता.

"माझं गाऱ्हाणं बांधाचं आहे, महाराज," ती म्हणाली. "भावाचं नाही."

शिपायांनी बाह्या सरसावल्या आणि बांध नव्याने उभा राहिला. सारथी हयातभर तो रथ चोळत राहिला. काळ्याभोर दारावर तपकिरी डाग पुन्हा धरू लागला, आणि तेवढी जागा सोडून तो बाकीचा रथ लख्ख ठेवायचा.

तात्पर्य: जे लोकांच्या हातासाठी घडवलं, ते लोकांच्याच हातापासून जपू नये.