न चाखलेला नैवेद्य

"मग यात माझं चुकलं कुठं, माई? तेवढं सांगा म्हणजे झालं."

वांगीकर साहेब मघापासून हेच विचारत होते. कशात, ते मात्र अजून सांगितलं नव्हतं.

अंबूमाईंनी वर पाहिलंसुद्धा नाही. परातीत भगरीचं पीठ होतं, त्यात कोमट पाणी घालून त्या मळत होत्या.

मठ मुरलीधराचा. पितृपंधरवड्यातली एकादशी. देवाला उपासाचा नैवेद्य व्हायचा होता: भगरीची भाकरी, दाण्याची आमटी, वर लोण्याचा गोळा. माईंनी साहेबांना स्वयंपाकघरात उंबऱ्याजवळ पाट दिला होता. पण साहेब पाटावर टेकतील तर शपथ! उठायचे, अंगणात गाडीपाशी जायचे, फोन बघायचे, परत आत यायचे. जीव म्हणून थाऱ्यावर नव्हता.

प्रल्हाद वांगीकर म्हणजे जिल्ह्याच्या अन्न खात्याचे मोठे अधिकारी. पण लहानपणी याच मठात माईंसमोर मांडी घालून श्लोक पाठ केलेले. त्यामुळे बाहेर कितीही साहेब असले, तरी इथं माईंचा प्रल्हादच.

"गेल्या नवरात्रात काय झालं, तुम्हाला ठाऊकच आहे," ते म्हणाले. "पावसाळाभर दमट पोत्यात पडलेलं भगरीचं पीठ. बुरशी धरलेलं. तेच दुकानांतून सुटं विकलं गेलं आणि लोकांनी उपासाला खाल्लं. दवाखान्यात खाटा पुरल्या नाहीत."

"हं."

"आता घट बसायला आलेत. आज संध्याकाळच्या आत दुकानदारांना हुकूम गेला पाहिजे. दोन मसुदे केलेत मी. पहिल्यात बंदी. दळून ठेवलेलं सुटं पीठ जिल्ह्यात कुणी विकायचंच नाही. पण व्यापारी म्हणतात, सणाच्या तोंडावर असं कराल, तर लोक म्हणतील सरकार देवाच्या आड आलं."

"आणि दुसऱ्यात?"

"दुसऱ्यात बंदी नाही. लोकांनाच शहाणं करायचं."

साहेबांनी पिशवीतून एक रंगीत पत्रक काढलं. काढताना चेहरा जरा उजळला. पत्रकावर एक बाई मूठभर पीठ नाकाशी धरून उभी होती. खाली ठसठशीत अक्षरं: पाहून घ्या, हुंगून घ्या, पारखून घ्या!

"शब्द माझे आहेत, माई. वरचे साहेब म्हणाले, वांगीकर, असं पत्रक कुठल्या जिल्ह्यानं काढलं नाही. आता फक्त खाली तुमचं नाव हवं. माईंच्या आशीर्वादाने, एवढंच. तुमचं लोक ऐकतात."

माईंनी पत्रकावर नजर टाकली.

"बाई छान काढलीय."

"हो ना?"

"नथ घातलीय तिनं. …नथ घालून हुंगायचं म्हणजे अवघडच."

साहेबांना हसावं की रागवावं कळेना. ते परत उठले, पुन्हा अंगणात गेले, पुन्हा आले.

तोवर पहिली भाकरी तव्यावरून उतरली होती. खरपूस वास सुटलेला. ताटलीत तिची वाफ निवत होती. साहेब बोलता बोलता वाकले आणि… काय सांगावं, खात्याची सवय! भाकरीचा कडेचा तुकडा मोडला, अर्धा तोंडात टाकला, उरलेला अर्धा सहज परातीत, मळलेल्या पिठावर ठेवून दिला.

फट्कन हातावर उलथनं बसलं.

"अरे! नैवेद्य व्हायचाय अजून!"

"चुकलो, माई… सवय हो. चाखल्याशिवाय राहवत नाही."

"नैवेद्य कुणी चाखतं का? मीठ कमी की जास्त, तेसुद्धा बघायचं नसतं. आईनं शिकवलं नाही तुला?"

माईंनी मोडलेली भाकरी बाजूला ठेवली. परातीतला उष्टावलेला सगळा गोळाही बाजूला काढला. परात घासली. हात धुतले. मग फडताळातून भगरीचा डबा काढला, सुपात ओतला आणि उजेडाकडे तोंड करून निवडायला बसल्या.

साहेब बघतच राहिले. बाहेर ऊन कलायला लागलं होतं.

"हे सगळं पहिल्यापासून? निवडायचं, दळायचं?"

"मग?"

"माई, मला संध्याकाळच्या आत पोचायचंय. एवढ्याशा तुकड्यानं काय होतंय? तो काय पारखून बघणार आहे?"

सुपातली बोटं थांबली.

"कोण?"

"…देव."

"नाही रे बाळा. कधी म्हणून बघितलं नाही त्यानं. पुढ्यात ठेवावं आणि त्यानं घ्यावं."

"तेच म्हणतोय मी!"

"मीही तेच म्हणतेय." माईंनी एक खडा उचलून वाटीत टाकला. टिक्. "…म्हणून तर निवडतेय."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं.

"देवाची गोष्ट वेगळी. माणसांना डोळे आहेत, नाक आहे. ज्यानं त्यानं आपलं आपण…"

"भाकरी कशी होती?"

"आं?"

"आत्ता खाल्लीस ती."

"चांगली होती की."

"पीठ कधीचं होतं?"

"…ते नाही बघितलं."

"दमट होतं की कोरडं? जिल्ह्याचा साहेब तू. मग चांगली म्हणालास, ती कशावरून?"

वांगीकर कसनुसं हसले. "तुम्ही केलेली होती ना, माई. तुमच्या हातचं काय पारखायचं?"

"हं."

माईंनी सूप उचललं आणि जात्यापाशी गेल्या. मूठ घातली. जातं फिरायला लागलं. घरघर… घरघर… साहेब काही बोलायला तोंड उघडत, पण जात्याची घरघर ऐकून पुन्हा मिटत.

पीठ पडायला लागलं तशा माई म्हणाल्या, "आता खरं सांग, प्रल्हादा. नावच हवं होतं, तर शिपाई धाडला असतास तरी चाललं असतं. तू का आलास? डोळ्यांखाली काळं झालंय तुझ्या."

साहेब पाटावर बसले. पहिल्यांदाच, नीट.

"गेल्या साली दवाखान्यात पाहणीला गेलो होतो. एक पोर होती. कावेरी. सासरचं पहिलंच नवरात्र तिचं. हाताला सलाईन, ओठ सुकलेले. मला वाटलं, विचारेल, मी वाचेन ना? तर ती म्हणाली, साहेब, औषध घेतलं मी… माझा उपास मोडला का हो?"

जातं थांबलं.

"तू काय म्हणालास?"

"म्हणालो, विश्रांती घ्या. दुसरं काही सुचलंच नाही, माई. बरी झाली ती, घरी गेली. पण तिचं ते विचारणं काही मला सोडत नाही. त्यात परवा बाजारात दिसली. भगरीचं पीठ घेत होती. गेल्या वर्षीचं नवरात्र अर्धं राहिलं, म्हणाली, यंदा पुरं करणार."

"हुंगून घेतलं तिनं?"

साहेबांनी पत्रकातल्या नथवाल्या बाईकडे पाहिलं.

"नाही. दुकानदारानं पुडी दिली, ती तिनं कपाळाला लावली आणि पिशवीत टाकली."

बाहेर पिंपळावर साळुंक्यांचा कलकलाट चालला होता.

"मग तू?"

"मी म्हटलं, ताई, हे परत करा, अख्खी भगर न्या, घरी दळा. तिनं लगेच परत केली. हसली. म्हणाली, तुम्ही सांगताय म्हणजे झालं…"

"मग झालं की."

"कुठं झालं?" साहेबांचा आवाज चढला आणि तसाच खाली आला. "तिच्या मागं रांग होती, माई."

माईंनी पीठ गोळा केलं. नव्यानं मळलं. नव्यानं भाकरी थापली. तव्यावर ती फुगली, तेव्हा साहेबांचा हात मांडीवरच राहिला.

मग ताट वाढलं गेलं. माईंनी देवापुढे पाण्यानं चौकोन काढला, त्यावर ताट ठेवलं, भोवती पाणी फिरवलं आणि डोळे मिटले. घंटा वाजली. मुरलीधर आपला नेहमीसारखा हसत उभा. ताटाकडे त्याचं लक्षसुद्धा नाही.

वांगीकर त्याच्या त्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघत राहिले.

मग अंगणात गेले. या वेळी फोन नुसता बघितला नाही, कचेरीत लावला.

"निकाळजे, मी बोलतोय. …नाही, दुसरा नाही. पहिला मसुदा पाठवा. बंदीचा. …हो, आजच. आणि खाली वाढवा, गिऱ्हाईकासमोर ताजं दळून देणाऱ्याला मनाई नाही. गिरणीवाल्यांच्या पोटावर पाय नको. निवडलेली, कोरडी, अख्खी भगर खुशाल विका म्हणावं. …व्यापारी? येऊ देत. माझ्याकडेच पाठवा त्यांना. …लोक शिव्या देतील? मग मला देऊ देत की. …पत्रक? ते नंतर बघू."

परत आले, तर माईंनी प्रसादाचं पान मांडून ठेवलं होतं. आधी ती मघाची मोडलेली भाकरी, मग देवापुढची.

"ही उष्टी तुझीच. टाकायची नाही."

साहेब जेवले. दोन्ही भाकऱ्या खाल्ल्या. काही हुंगलं नाही, काही निरखलं नाही. हात धुऊन नमस्कार केला, चपला घातल्या, गाडीपर्यंत गेले… आणि पुन्हा माघारी आले. उंबऱ्याबाहेर उभे राहिले.

"माई."

"आता काय?"

"ती कावेरी… परत भेटली तर काय सांगू तिला?"

माई परात घासत होत्या. चिकटलेलं पीठ त्यांनी नखानं खरवडलं, पाणी ओतलं, परात उजेडाकडे धरून बघितली.

"सांग…"

"काय?"

"सांग, उपास तिचा नव्हता मोडला. मोडला, तो न निवडता पुढ्यात ठेवणाऱ्यांचा."